शंभराच्या चार रेघा खाली

माणसं मला तोंडात धरतात, हा माझ्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज. तोंडात धरतात ती माझी धाकटी चुलत बहीण, दवाखान्यातली. तिच्या नळीला गळ्याशी एक अरुंद मोड असतो, म्हणून तिचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेतली तापमापी. मला तसा मोड नाही. गरम झालं की माझा पारा चढतो, गार झालं की आपला आपण उतरतो. तरी दर वर्षी चार-पाच मुलं मला झटकतातच, कारण घरी आईला तसं करताना त्यांनी पाहिलेलं असतं.

माझा जन्म समुद्रालगतच्या एका सपाट शहरात, काचेच्या कारखान्यात झाला. तापून लाल झालेली नळी कारागिरांनी दोन्ही टोकांना धरून ताणली, तेव्हा तिच्या आतलं भोक केसाएवढं बारीक झालं. एका टोकाला फुंकून लहानसा फुगा केला. त्यात पारा भरला, वरची हवा काढली आणि तोंड वितळवून बंद केलं.

मग मला एका बाईंच्या टेबलावर नेलं. त्यांचं काम रेघा मारायचं. त्यांनी मला आधी वितळत्या बर्फात उभं केलं. पारा जिथे थांबला तिथे खूण केली, ते शून्य. नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलं. पारा जिथे थांबला तिथे दुसरी खूण, ते शंभर. मधल्या अंतराचे शंभर सारखे भाग. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईला त्या म्हणाल्या, "ह्या दोन खुणा नीट पडल्या की मधल्या रेघांची काळजी नाही. ह्याच चुकल्या तर सगळीच बोंब."

माझ्या खुणा नीट पडल्या होत्या. एवढं मी खात्रीने सांगू शकते.

तिथून भुशात गुंडाळून मला एका शाळेत पाठवलं. गाव उंचावरच्या पठारावर होतं. घाटाची वळणं संपता संपत नव्हती. आम्ही आठजणी होतो. आमच्यासाठी लाकडी पेटी होती, आत आठ खाचा. माझ्या डोक्यावर लाल रंगाने ६ असा आकडा काढला, आणि पुढे सगळे मला सहा नंबर म्हणू लागले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. काळ्या दगडाची चार टेबलं, प्रत्येकाच्या कडेला नळ, त्यातला एक कायमचा गळका. भिंतीलगत काचेची कपाटं. कपाटांच्या किल्ल्या मामांच्या कमरेला. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. एक गुडघा दुखरा, त्यामुळे खाली बसताना ते आधी टेबलाला हात लावून थांबत, जणू टेबलाची परवानगी घेतायत. प्रयोग संपला की ते आम्हाला जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसत आणि पेटीत आपापल्या खाचेत ठेवत. बोलत फारसे नसत.

शास्त्राच्या बाई मात्र बोलत. सव्वीस वर्षं त्या इथे शिकवत होत्या, आणि त्याआधी याच शाळेत शिकल्या होत्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वर्गात पेन पडलं तरी ऐकू येई. त्यांचे नियम चोख. "तापमापी फुग्याकडून धरायची नाही, तुमच्या हाताची ऊब तिला लागते. भांड्याच्या तळाला टेकवायची नाही, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. आणि वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायचा. वरून वाचलंत तर एक दिसेल, खालून वाचलंत तर दुसरंच." हे नियम सगळे बरोबर होते. ते पाळूनच पुढची सगळी भानगड झाली.

दहावीच्या वर्गाला दर वर्षी एक प्रयोग असे: पाण्याचा उत्कलनांक काढणे. म्हणजे पाणी किती तापमानाला उकळतं ते बघायचं. तिवईवर जाळी, जाळीवर पाण्याचं चंचुपात्र, खाली स्पिरिटचा दिवा, आणि स्टँडला बांधलेली मी. दर मिनिटाला माझा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तीस, चाळीस, पंचावन्न. पाण्यात आधी बारीक बुडबुडे येतात, ती विरघळलेली हवा. खरी उकळी नंतर फुटते, आणि ती फुटली की माझा पारा एका जागी थांबतो. दिवा जळत असतो, पाणी उसळत असतं, पण पारा हलत नाही. मुलांना याचं नवल वाटे. बाई सांगत, "आता दिव्याची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी आणखी तापत नाही."

माझा पारा थांबे तो शहाण्णववर. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, दर वर्षी. माझ्या सातही बहिणींचा तिथेच थांबे. मुलं आमच्याकडे बघत, मग पुस्तकाकडे बघत, मग शेजाऱ्याच्या वहीकडे बघत, आणि लिहीत: शंभर अंश सेल्सिअस. बाई त्याखाली लाल पेनाने बरोबरची खूण करत. मला त्यात वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. दाखवणं माझं काम, लिहिणं त्यांचं.

मग त्या वर्षीच्या वर्गात पणती आली.

हे तिचं खरं नाव नव्हे. तिचं दर दुसरं वाक्य "पण" या शब्दाने सुरू होई, म्हणून वर्गाने तिचं नाव पणती ठेवलं होतं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. बुटकी, डोळ्यांना चष्मा, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. तिचे वडील ट्रक चालवत. पठारावरच्या भट्टीतली कौलं भरून ते घाट उतरून बंदरावर नेत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. पणतीला बंदराजवळच्या निवासी शास्त्रशाळेत जायचं होतं. त्यासाठी दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चांगले गुण लागत, आणि त्या परीक्षेला बसायचं तर आधी प्रयोगवहीवर बाईंची सही लागे. सही नाही तर परीक्षा नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता.

त्या दिवशी मी तिच्या वाट्याला आले. तिने मला फुग्याकडून धरलं नाही, तळाला टेकवलं नाही. उकळी फुटल्यावर ती गुडघे वाकवून माझ्या समोर आली, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तशीच राहिली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग वहीत लिहिलं: शहाण्णव.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तिने विचारलं, "तुझी किती दाखवतेय?"

"शहाण्णव."

"आणि तू लिहिलंस किती?"

"शंभर. तू पण शंभरच लिही गं. कशाला नसती कटकट?"

बाई टेबलांमधून फिरत आल्या. त्यांनी पणतीची वही उचलली.

"हे काय?"

"एवढंच दिसतंय, बाई."

"पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर. पण इथे शहाण्णवलाच उकळतंय."

बाईंनी माझ्याकडे उभ्या उभ्या एक नजर टाकली. शहाण्णव त्यांनाही दिसलं असणार. त्या म्हणाल्या, "हिच्यात दोष आहे. काचेचं सामान, होतं असं. मामा, हा सहा नंबर निकामी सामानात टाका." मग पणतीला म्हणाल्या, "तू शंभर लिही आणि वही पुढे आण. सही करते."

"पण बाई, बाकीच्यांच्या पण..."

"बाकीच्यांनी बरोबर लिहिलंय."

पणतीने वही पुढे नेली नाही. तास संपला. तिच्या वहीतलं ते पान बिनसहीचं राहिलं. बाई जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी वह्या जमा करायच्या आहेत. तोवर विचार कर. हट्टापायी वर्ष घालवू नकोस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच तिची काळजी वाटत होती, आणि त्यामुळेच ते जास्त अवघड होतं.

मला खालच्या खणात टाकलं. तिथे तडा गेलेली परीक्षानळी होती, दांडा वाकलेला तराजू होता आणि ताकद गेलेला एक लोहचुंबक. खण बंद झाला. आतलं तापमान बावीस होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खण उघडला. पणतीचा आवाज आला.

"मामा, मला हिची परीक्षा घ्यायची आहे. हिचं शून्य बरोबर असेल तर ही बिघडलेली नाही. बर्फ आणलाय मी, रसवाल्याकडून."

मामांनी टेबलाला हात लावून गुडघा सरळ केला आणि एक भांडं काढून दिलं. पणतीने बर्फ ठेचला, त्यात थोडं पाणी घातलं, मला त्यात उभं केलं. माझा पारा खाली आला आणि शून्याच्या रेघेवर थांबला. दोघं बघत राहिली. पाच मिनिटं झाली, पारा तिथेच.

"खालची खूण तर बरोबर आहे," पणती म्हणाली.

"वरची पण बरोबर असेल," मामा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"बावीस वर्षं पुसतोय मी ह्यांना. तुमचे प्रयोग चाललेले असतात तेव्हा मी इथेच उभा असतो ना. सगळ्या शहाण्णवलाच थांबतात. आठच्या आठ."

पणतीने चष्मा वर सरकवला. "मग तुम्ही बाईंना सांगितलं नाही कधी?"

"मला कोण विचारतंय? मला वाटलं, शंभर असं लिहायची पद्धत असेल."

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. पणतीला हसू आलं, मग ते विरलं. ती म्हणाली, "आठ जणी एकाच वेळी, एवढ्याच कशा बिघडतील?"

"ते मला नाही कळत. पण तुझ्या आईला विचार. ती खालची ना, बंदराकडची? माझी बायको पण तिकडचीच. लग्न होऊन इथे आली तेव्हा रोज रडायची, बटाटे शिजत नाहीत म्हणून."

पणती त्या दिवशी तासभर आधी घरी गेली, असं मला नंतर कळलं. आईने काय सांगितलं तेही मी ऐकलं, कारण दोन दिवसांनी आई तेच पुन्हा सांगत होती तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरातच होते. मामांनी मला एका जुन्या मोज्यात घालून पणतीच्या हातात दिलं होतं. निकामी सामान शाळेबाहेर नेऊ द्यायची परवानगी त्यांना नव्हती. ते एवढंच म्हणाले होते, "सोमवारी प्रार्थनेच्या आधी खणात पाहिजे. नाहीतर माझं काही खरं नाही."

आई कांदा चिरत बोलत होती. "माहेरी पाणी उकळलं की वीस मिनिटांत बटाटे मऊ व्हायचे. इथे अर्धा तास झाला तरी मधून कच्चेच. तुझ्या आजीला वाटलं, सुनेला साधे बटाटे उकडता येत नाहीत. शेवटी झाकणाचा कुकर घेतला, तेव्हा कुठे माझी लाज राहिली."

"पण आई, इथलं पाणी उकळत होतं ना?"

"उकळत होतं की. खळाखळा. नुसतंच उकळायचं, शिजवायचं काम करत नव्हतं."

वडील दारात बूट काढत होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

पणतीने सगळं सांगितलं. सही अडल्याचंही सांगितलं. वडिलांनी दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "शंभर लिहिलं तर सही मिळते?"

"हो."

"आणि तुझ्या मनात काय आहे?"

"मला वाटतंय, उंचीमुळे होतंय हे. तुम्ही रविवारी बंदरावर जाताय ना? मला घेऊन चला. हीच तापमापी, हेच पाणी, हाच स्टोव्ह. खाली उकळून बघते."

"आणि तिथे पण शहाण्णवच निघालं तर?"

"तर बाईंचं बरोबर, ही बिघडलेली आहे. मग मी शंभर लिहीन."

वडिलांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "न्या तिला. माझंही एकदाचं कळेल, चूक माझी होती की बटाट्यांची."

रविवारी पहाटे कौलांनी भरलेला ट्रक निघाला. मी मोज्यात, मोजा पणतीच्या मांडीवरच्या डब्यात. दोन बाटल्या घरच्याच पाण्याच्या, गाळून घेतलेल्या. घाटाच्या मध्यावर एक रुंद वळण होतं. तिथे सगळे ड्रायव्हर चाकं गार व्हायला थांबत. वडिलांनी ट्रक कडेला घेतला, चाकांना दगड लावले, आणि स्टोव्ह पेटवला. वारा होता, म्हणून त्यांनी ताडपत्री आडोशाला धरली.

पाणी उकळू लागलं तेव्हा पणती पाठ फिरवून उभी राहिली.

"तुम्ही वाचा, बाबा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं? मी पाचवीत शाळा सोडली."

"तुम्हाला कळत नाही म्हणूनच वाचा. मी वाचलं तर मला जे हवंय तेच दिसेल. इथे घाटात किती यायला पाहिजे हे मी तुम्हाला सांगणार नाही."

वडील खाली वाकले. तिने सांगितलं तसा डोळा पाऱ्याच्या पातळीत आणला. त्यांचा श्वास मला काचेवर लागत होता. त्यांनी एका हाताची बोटं मोजत रेघा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"नव्वदच्या पुढे... सात, आठ. आठव्या रेघेवर. अठ्ठ्याण्णव."

"नक्की?"

"तूच म्हणालीस ना, तुम्ही वाचा म्हणून. अठ्ठ्याण्णव."

तिने लिहिलं. बाहेर चौदा अंश होते.

दुपारी ट्रक बंदरावर पोहोचला. कौलं उतरवायला हमाल आले, तोवर वडिलांनी गोदामाच्या भिंतीआड स्टोव्ह मांडला. शेजारी एक बाई जाळी विणत बसली होती. तिने विचारलं, "चहा करताय?" वडील म्हणाले, "नाही, नुसतं पाणी उकळतोय." ती म्हणाली, "मग काय करणार त्याचं?" वडील म्हणाले, "काही नाही. बघणार." त्या बाईने दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि जाळी उचलून जरा लांब जाऊन बसली.

उकळी फुटली. पणती समुद्राकडे तोंड करून उभी होती. माझा पारा सत्त्याण्णव ओलांडून वर गेला, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. पठारावर आल्यापासून मी इतकी वर चढले नव्हते. मग पारा थांबला.

वडिलांनी वेळ घेतला. ते उजवीकडून बघून आले, डावीकडून बघून आले, मग समोर बसले.

"शंभरच्या रेघेला टेकलाय," ते म्हणाले. "केसभर खाली असेल तर असेल. पण शंभर म्हणायला हरकत नाही."

पणती वळली नाही. तिने हाताच्या मागच्या बाजूने चष्म्याखालून डोळे पुसले. वडिलांनी ते पाहिलं आणि स्टोव्ह बंद करायला बराच वेळ लावला. मग म्हणाले, "वहीत कुठे सही करू? वाचलंय मी, तर सही माझीच पाहिजे."

त्यांनी कौलांच्या पावतीवर करायचे तशी ठसठशीत सही केली. तीन आकडे, तीन ठिकाणं, खाली सही.

घरी परतायला दुसरा दिवस उजाडला. सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा मी अजून पणतीच्या डब्यात होते. तिने डबा मामांकडे द्यायला आणि बाई प्रयोगशाळेत यायला एकच गाठ पडली.

"ही तुझ्याकडे कशी?" बाईंनी विचारलं.

एरवी जिच्या तोंडून "पण" सुटायचं थांबत नसे, ती एक अक्षर बोलली नाही. मामा पुढे आले. "मी दिली होती, बाई. निकामी होती म्हणून दिली."

"निकामी सामान बाहेर द्यायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

पणतीने वही उघडून पुढे केली. बाईंनी तीनही आकडे वाचले. सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील. घाटात किती यायला पाहिजे ते त्यांना माहीत नव्हतं. मी पाठ फिरवून उभी होते."

बाई त्या वाक्यापाशी थांबल्या असाव्यात. त्यांनी वही मिटली, स्वतःकडे ठेवली आणि म्हणाल्या, "वर्गात जा."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई एकट्याच प्रयोगशाळेत आल्या. मामा खिडक्या लावत होते. बाईंनी मोठं पातेलं मागितलं, पेटी मागितली आणि खणातून मलाही काढायला सांगितलं. त्यांनी आम्हा आठजणींना एकाच पातेल्यात दोऱ्याने टांगलं, कुणी तळाला टेकणार नाही असं. दोन दिवे पेटवले आणि स्टूल ओढून समोर बसल्या. पाणी तापायला पाऊण तास लागला. बाईंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

उकळी आली. त्यांनी एकेकीसमोर डोळा आणला. एक नंबर, शहाण्णव. दोन, शहाण्णव. तीन, शहाण्णव. माझ्यापाशी त्या सर्वांत जास्त वेळ थांबल्या. मग सात आणि आठ. कागदावर आठ आकडे एकाखाली एक लिहिले. दिवे विझवले तरी त्या बसूनच राहिल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "मी याच टेबलावर हा प्रयोग केला होता. दहावीला. मीही शंभरच लिहिलं होतं."

"आणि दिसलं किती होतं?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मी बघितलंच नसणार."

मामांनी पातेलं उचललं. जरा वेळाने बाई म्हणाल्या, "उंचीवर पाणी लवकर उकळतं हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं हो. पुढच्याच धड्यात आहे ते, हवेच्या दाबाच्या. दर वर्षी शिकवते. उंच डोंगरावर उत्कलनांक कमी असतो. मला वाटायचं, उंच डोंगर म्हणजे लांब कुठेतरी असतो."

दुसऱ्या दिवशी त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षं या प्रयोगाला मी चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करत आले. आज ते दुरुस्त करायचं आहे." वर्ग इतका शांत झाला की गळका नळ ऐकू येत होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरून हवा पाण्याला दाबत असते, त्या दाबाला पुरून उरेल इतका जोर वाफेत आला तरच बुडबुडा टिकतो. समुद्राकाठी डोक्यावर हवेचा थर जाड, दाब जास्त, म्हणून पाण्याला शंभर अंशांपर्यंत तापावं लागतं. वर पठारावर थर पातळ, दाब कमी, म्हणून शहाण्णवलाच उकळी फुटते. पाणी कमी गरम, म्हणून त्यात बटाटे शिजायला वेळ जास्त. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी शंभराच्याही वर तापतं, आणि बटाटे मऊ होतात.

"पण बाई," पणती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. "पुस्तकात मग शंभर का लिहिलंय?"

"पुस्तकात आधी दोन शब्द आहेत, ते आपण गाळतो. सामान्य दाबाला. सामान्य दाबाला शंभर. आपल्याकडचा दाब सामान्य नाही."

त्यांनी पणतीच्या वहीवर सही केली. वडिलांच्या सहीच्या शेजारी, त्यापेक्षा लहान अक्षरात. मग सामानाच्या रजिस्टरमध्ये निकामी वस्तूंच्या यादीत माझ्या नावावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: क्रमांक ६ निर्दोष. मामांबद्दल कुठे काही लिहिलं नाही. तोंडाने मात्र त्यांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही दिसलं तर सांगत जा." मामा म्हणाले, "विचारत जा मग."

त्या आठवड्यात सगळ्या वर्गाने प्रयोग पुन्हा केला. एवढं होऊनही तीन मुलांनी शंभरच लिहिलं. बाईंनी विचारलं तेव्हा त्यातला एक म्हणाला, "परीक्षेला बाहेरचे सर येणार ना. त्यांना शंभर आवडत असेल तर?"

बाहेरचे परीक्षक आले. त्यांच्याजवळ छापील उत्तरांचा कागद होता आणि त्यावर शंभर होतं. चिठ्ठी उचलली तेव्हा पणतीच्या वाट्याला हाच प्रयोग आला, आणि मामांनी पेटीतून मला काढलं. मुद्दाम की सहज, ते मी सांगू शकत नाही. पणतीने शहाण्णव लिहिलं आणि कंसात गावाची उंची लिहिली. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "सर, हा उत्तरांचा कागद बंदराकडच्या कचेरीत छापला आहे. पाणी इथलं आहे. तुम्ही स्वतः एकदा वाचता का?"

परीक्षक नाखुशीने वाकले. मग त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाकले. शेवटी छापील कागद घडी करून खिशात ठेवला. पणतीला वीसपैकी अठरा दिले. दोन गुण कापले ते आकृती पेन्सिलीऐवजी पेनाने काढली म्हणून. पणती म्हणाली की ते बरोबर आहे, ती चूक तिचीच. जूनमध्ये ती निवासी शाळेत गेली. वडिलांच्या ट्रकमधून गेली, कौलांवर ट्रंक ठेवून.

त्यानंतर मी एकवीस वर्षं काम केलं. बाई निवृत्त झाल्या, मामा त्यांच्याआधी. माझ्या दोन बहिणी फुटल्या, एक झटकताना आणि एक गळक्या नळाखाली. आता शाळेने आकडे उमटणाऱ्या बॅटरीच्या तापमाप्या घेतल्या आहेत. त्यांत पारा नसतो, आणि हे चांगलंच झालं. पारा विषारी असतो. त्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, पण ती छातीत जाते. तेव्हा कुठे माझ्यासारखी जुनी तापमापी सापडली तर तिच्याशी खेळू नका. फुटली तर चकाकणाऱ्या गोळ्यांना हात लावू नका, केरसुणीने लोटू नका. खिडक्या उघडा, बाहेर जा, आणि मोठ्या माणसाला बोलवा.

आम्ही सहाजणी सध्या एका जाड प्लॅस्टिकच्या डब्यात आहोत. डब्यावर चिठ्ठी आहे: पारा, उघडू नये. घातक कचरा नेणारी गाडी गुरुवारी येणार आहे. आतला पारा काढून घेतील आणि काच वेगळी करतील. याबद्दल माझी तक्रार नाही. आज सकाळी डब्यात एकोणीस अंश होते, दुपारी ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा सव्वीस झाले. डबा बंद आहे, त्यामुळे हे कुणी वाचलं नाही. संध्याकाळ होत आली आहे आणि पारा उतरू लागला आहे. आता चोवीस.